फीचर ठरलं, स्क्रीनही काढल्या. पण प्रश्न कुठला सोडवतोय?

अर्धविराम :
नमस्कार मंडळी,

दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं ॲप बनवणाऱ्या एका टीममध्ये मी प्रॉडक्टचं काम बघते. रुग्ण वेळ घेतात आणि येतच नाहीत, अशी बऱ्याच दवाखान्यांची तक्रार आहे. त्यावर "आठवण करून देणारं फीचर द्या" अशी मागणी आली. ऐकताक्षणी सगळ्यांना ती पटली. डिझायनरने स्क्रीन काढायला घेतल्या, डेव्हलपर मंडळी एसएमएस की नोटिफिकेशन यावर भांडू लागली, रिलीजची तारीखही ठरत आली.

परवाच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांना म्हटलं, आपण कोणाची, कुठली अडचण सोडवतोय ते एकमेकांचं न बघता एका वाक्यात लिहा. विक्री बघणाऱ्याने लिहिलं, डॉक्टरांचा वेळ फुकट जातो. डेव्हलपरने लिहिलं, आत्ताचे मेसेज वेळेवर पोचत नाहीत. डिझायनरने लिहिलं, ॲपमध्ये पुढची तारीख पटकन सापडत नाही. सपोर्टमधल्या मुलीने लिहिलं, ज्यांना यायला जमणार नसतं ते कळवायला फोन करतात आणि फोन लागत नाही. या चार वाक्यांतून चार निरनिराळी प्रॉडक्ट्स तयार होतील. आणि या चौघांनीही "आठवण" या फीचरला मनापासून होकार दिलेला होता!

माझं मत असं, की पहिली स्क्रीन काढण्याआधी टीमने प्रश्न लिहून काढला पाहिजे आणि तो सगळ्यांना सारखाच कळलेला असला पाहिजे. पण रोजच्या कामात हे बसवायचं कसं? लिहायचं कोणी? वेळ किती द्यायचा? आणि "प्रश्न पुरेसा समजला, आता कामाला लागू" हे कशावरून ठरवायचं? तुमच्याकडे काय करता ते वाचायला आवडेल.

पायवाट :
जिव्हाळ्याचा विषय काढलात. "आठवण करून देणारं फीचर हवं" हे ऐकायला प्रश्नासारखं वाटतं, पण आहे ते उत्तर. रुग्ण विसरतात हे त्यात गृहीतच धरलंय. विसरत नसतील तर? रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मी एक कसोटी वापरतो. लिहिलेल्या वाक्यात ॲप, बटण, डॅशबोर्ड, नोटिफिकेशन, एआय यातलं काहीही आलं की ते वाक्य परत. "व्यवस्थापकांकडे डॅशबोर्ड नाही" ही जगात कुणाचीच अडचण नसते. "माल संपलाय हे व्यवस्थापकाला ग्राहक रिकाम्या हाताने परत गेल्यावर कळतं" ही अडचण आहे. तिच्यावर डॅशबोर्ड हा एक उपाय झाला. आणखी पाच-सहा निघतील, त्यातले काही बिनसॉफ्टवेअरचे.

खडूफळा :
संख्याशास्त्रात या चुकीला रीतसर नाव आहे. पहिल्या प्रकारची चूक म्हणजे नसलेला परिणाम आहे असं म्हणणं. दुसऱ्या प्रकारची म्हणजे असलेला परिणाम नजरेतून सुटणं. ॲलिन किंबॉल या संख्याशास्त्रज्ञाने १९५७ साली तिसरी मांडली: चुकीच्या प्रश्नाला बरोबर उत्तर देणं. इतर शास्त्रज्ञांना सल्ला देताना हे कसं घडतं यावरच त्याने लिहिलं. समोरचा विचारतो एक, त्याला हवं असतं दुसरं, आणि सल्लागार उलट विचारत नाही. मूळ दुखणं गणितात नसून बोलण्यात असतं.

ही चूक आतून दिसत नाही, हा तिचा खरा त्रास. मेसेज पोचण्याचं प्रमाण वाढेल, टेस्टिंग पास होईल, आलेख वर जाईल. रुग्ण मात्र तरीही येणार नाहीत.

शंकासुर :
मी जरा दुसऱ्या बाजूने बोलतो. "आधी प्रश्न नीट समजून घेऊ" म्हणत महिनोन्महिने भिंतीवर रंगीत कागद चिकटवणाऱ्या टीम मी पाहिल्यात. मुलाखती, नकाशे, कार्यशाळा, शेवटी एक जाडजूड सादरीकरण. तोवर ज्याची अडचण होती त्याने स्वतःच काहीतरी मार्ग काढलेला असतो.

आठवणीचा मेसेज पाठवायला असा किती वेळ लागतो? थोड्या रुग्णांना पाठवा, थोड्यांना पाठवू नका, आणि आकडे बघा. विसरणं हे कारण असेल तर फरक पडेल, नसेल तर पडणार नाही. प्रश्न करून बघताना कळतो, बोलून कळत नाही.

रातकिडा :
@अर्धविराम, चौघांची चार उत्तरं आली म्हणजे तुमची टीम ठणठणीत आहे. काही ठिकाणी सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलं असतं: "वरून सांगितलंय म्हणून." :)

सुईदोरा :
@शंकासुर, आकडे बघा हे ठीक, पण आकडे आपण जे मोजतो त्याचेच येतात.

जीई कंपनीचे डिझायनर डग डीट्झ यांचं उदाहरण बघा. त्यांनी एमआरआय यंत्रावर काम केलं होतं आणि यंत्र तांत्रिक बाजूने उत्तम होतं. ते रुग्णालयात बघायला गेले तेव्हा तपासणीला आलेली एक लहान मुलगी त्या यंत्राला घाबरून रडत होती. चौकशी केल्यावर समजलं, की लहान मुलांना स्थिर झोपवण्यासाठी गुंगीचं औषध देणं ही नेहमीचीच गोष्ट आहे. यंत्राच्या गुणवत्तेच्या तक्त्यात "मूल घाबरतं" असा रकानाच नव्हता. चित्र किती स्वच्छ येतं याचा होता. पुढे त्यांनी यंत्राचं अंतरंग तसंच ठेवून खोलीचंच साहस करून टाकलं. कुठे चाच्यांचं जहाज, कुठे अंतराळयान, आणि तंत्रज्ञांनी मुलांना सांगायची गोष्टही तशीच. गुंगी द्यावी लागणाऱ्या मुलांची संख्या घटली.

मी उपकरणांच्या डिझाइनमध्ये आहे, म्हणून हे उदाहरण मला फार जवळचं वाटतं. माणूस ते यंत्र वापरतो त्या जागी जाऊन उभं राहिल्याशिवाय कुठला रकाना राहून गेलाय हे कळत नाही.

शंकासुर :
@सुईदोरा, उदाहरण सुंदर आहे. पण ते माझ्याच बाजूचं नाही का? यंत्र तयार होऊन खोलीत उभं होतं म्हणून रडणं दिसलं. कागदावरच्या यंत्राला बघून कोण रडणार?

मोजपट्टी :
दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल असं एक उदाहरण.

ब्रिटिश उद्योजक हेन्री क्रेमर यांनी १९५९ साली बक्षीस जाहीर केलं. निव्वळ माणसाच्या ताकदीवर चालणारं विमान बनवायचं आणि अर्ध्या मैलाच्या अंतरावरच्या दोन खुणांभोवती इंग्रजी आठच्या आकारात उडवून दाखवायचं. अनेक वर्षं भल्याभल्यांना ते जमलं नाही. हुशारीची कमतरता नव्हती. सगळे "उत्तम विमान कसं बांधावं" या प्रश्नाला भिडले होते. देखणं, बारकाईने घडवलेलं विमान बांधण्यात बराच काळ जायचा, थोड्या उड्डाणांत ते मोडायचं, आणि दुरुस्तीत पुन्हा महिने जायचे. म्हणजे शिकण्याची संधी फार क्वचित मिळायची.

अमेरिकन अभियंता पॉल मॅकक्रेडी यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या, प्लास्टिकचा पातळ पापुद्रा आणि तारा यांचं विमान केलं. मोडलं तर तिथल्या तिथे जोडून पुन्हा उडवता येईल असं. पंखांचा पसारा जवळपास २९ मीटर आणि वजन साधारण ३२ किलो. त्यांचा प्रश्न वेगळा होता: आजच्या पडण्यातून शिकून लगेच पुन्हा कसं उडता येईल? २३ ऑगस्ट १९७७ रोजी ब्रायन ॲलनने पायडल मारत 'गॉसमर कॉन्डॉर' त्या मार्गावरून उडवलं आणि बक्षीस मिळालं. १२ जून १९७९ ला त्याच चमूच्या 'गॉसमर अल्बाट्रॉस'ने इंग्लिश खाडी ओलांडली.

वाक्य बदललं आणि विमान बदललं. नळ्या, पापुद्रे, तारा यातलं काहीच नवीन शोधलेलं नव्हतं.

शंकासुर :
@मोजपट्टी, हे उदाहरण मी आनंदाने माझ्या खिशात घालतो. मॅकक्रेडींनी उडवून, पाडून, पुन्हा उडवून विमान समजून घेतलं.

याला जुना आधारही आहे. हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या बर्कलीच्या दोन प्राध्यापकांनी १९७३ साली नियोजनातल्या अवघड प्रश्नांवर एक निबंध लिहिला. त्यांचा पहिलाच मुद्दा असा, की अशा प्रश्नांची अंतिम व्याख्या करताच येत नाही. प्रश्न समजायला कुठली माहिती लागेल हे आपल्या मनात कुठलं उत्तर आहे त्यावर ठरतं. उत्तर डोक्यात येत जातं तसा प्रश्न उलगडतो. मग "आधी प्रश्न, नंतर उत्तर" ही रांग लावायची कशी?

खडूफळा :
@शंकासुर, रिटेल-वेबर ज्या प्रश्नांबद्दल बोलत होते ते गरिबी, गुन्हेगारी, शहरांची वाढ अशा जातीचे. अपॉइंटमेंटला न येणारे रुग्ण त्या रांगेत बसवू नका. फोन करून पाच मिनिटांत विचारता येईल असा हा प्रश्न आहे.

दुसरं म्हणजे, मॅकक्रेडींनी उडवण्याआधी एक निर्णय घेतला होता: आपल्याला कशात जिंकायचंय, देखणेपणात की पुन्हा उभं राहण्यात. तो निर्णय विमान पाडून आलेला नाही, विचार करून आलाय. तुम्ही म्हणता तसं "थोड्यांना पाठवा, थोड्यांना नको" हे करायलाही "विसरणं हे कारण आहे" असं एक विधान आधी लिहावंच लागतं. ते लिहिलंत की तुम्ही आमच्या पक्षात आलात.

शंकासुर :
विधान लिहायला माझी ना नाहीच. ते लिहिण्यात तिमाही घालवायला आहे.

वाचनमात्र :
बरीच वर्षं नुसती वाचत होते. या विषयावर मात्र लिहावंसं वाटलं, कारण मी सपोर्टमध्ये काम करते आणि धाग्यात सपोर्टमधल्या मुलीचा उल्लेख आला.

आमच्याकडे येणाऱ्या फोनवर माणूस आपली गोष्ट सांगतो. "मी आईसाठी फॉर्म भरत होतो, तिचं कार्ड शोधायला उठलो, परत आलो तर सगळं पुसलेलं." आम्ही हे तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, लिहितो तेव्हा त्याचं "सेशन टाइमआउट" होतं. आठवड्याच्या अहवालात तेच "लॉगिनविषयक तक्रारी" या गठ्ठ्यात जातं. प्रॉडक्टच्या मीटिंगमध्ये ते पोचतं तोवर "लॉगिन सोपं करा" अशी मागणी झालेली असते. मग लॉगिनची स्क्रीन नवीन होते आणि आईसाठी फॉर्म भरणाऱ्याचं सगळं पुन्हा पुसलं जातं. त्याला लॉगिनची अडचण कधीच नव्हती. अर्धवट भरलेलं टिकून राहावं, एवढंच त्याला हवं होतं.

यात कुणाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. गठ्ठे केल्याशिवाय एवढी तिकिटं वाचणार कोण? पण माझी कळकळीची विनंती आहे: प्रश्न लिहायला बसाल तेव्हा अहवाल घेऊन बसू नका. मूळ तिकिटं उघडा, शक्य असेल तर फोनचं रेकॉर्डिंग ऐका. माणसाने वापरलेले शब्द जसेच्या तसे भिंतीवर लावा. आणि आम्हाला त्या मीटिंगला बोलवा. एखादी तक्रार गठ्ठ्यात चुकीच्या जागी पडलीय हे आम्हाला लगेच ओळखू येतं.

सुईदोरा :
@वाचनमात्र, लिहित्या झालात हे फार छान केलंत. "आईसाठी" या एका शब्दात केवढं आहे बघा. फॉर्म भरणारा आणि ज्याचा फॉर्म आहे तो, ही दोन माणसं आहेत. गठ्ठ्यात ती एक होऊन गेली.

टिंब :
कुणी पाच वेळा "का" विचारण्याची पद्धत वापरता का? आमच्याकडे ती आणली आणि तिसऱ्या "का"ला एका टेस्टरचं नाव आलं. पुढचे दोन "का" कुणी विचारलेच नाहीत, कारण खोलीत सगळे जमिनीकडे बघत होते.

मोजपट्टी :
@टिंब, ही पद्धत टोयोटाची. तिथले अभियंता ताइची ओनो यांनी दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. यंत्र बंद पडलं, का? जास्त भार आला आणि फ्यूज उडाला. भार का आला? बेअरिंगला पुरेसं वंगण नव्हतं. का नव्हतं? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का? गाळणी नव्हती, म्हणून धातूचा कीस आत गेला. फ्यूज बदलून थांबले असते तर काही दिवसांनी पुन्हा उडाला असता.

यात एकाही उत्तरात माणूस नाही हे बघा. "कोणी" हा प्रश्न आला की पद्धत तिथेच संपते. टेस्टरचं नाव आलं तिथे "त्याच्या नजरेला ते कशामुळे पडलं नाही?" असं विचारायला हवं होतं.

शंकासुर :
आणि "का"ला दर वेळी एकच उत्तर असतं हे कुणी सांगितलं? यंत्राचं ठीक आहे. माणसं न येण्याची कारणं फांद्यांसारखी फुटतात. एकाच फांदीने खाली उतरलात की बाकीच्या दिसतही नाहीत.

पायवाट :
@शंकासुर, +१. (तुमच्याशी सहमत व्हायची वेळ आली, तारीख लिहून ठेवतो.)

थोडं अवांतर, पण प्रश्न फिरवून मांडण्याचं एक गाजलेलं उदाहरण. २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये ह्यूस्टन विमानतळाची हकीकत आली होती. सामानासाठी फार थांबावं लागतं अशा तक्रारी होत्या. माणसं वाढवली, सरासरी वेळ आठ मिनिटांवर आली, तरी तक्रारी चालूच. नीट पाहिलं तर प्रवासी विमानातून एका मिनिटात पट्ट्यापाशी पोचत होते आणि सात मिनिटं नुसते उभे राहत होते. मग विमानं लांबच्या दारांना लावली. चालणं सहापट झालं आणि तक्रारी जवळजवळ थांबल्या. थांबण्याचा वेळ आणि रिकामं उभं राहण्याचा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कुणाला तरी दिसलं.

सुईदोरा :
@पायवाट, हे उदाहरण मला दर वेळी खटकतं. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याच्या कडेवर झोपलेलं मूल आहे, त्याच्या वाट्याला सहापट चालणं आलं. तक्रारी थांबाव्यात हा विमानतळाचा प्रश्न. लवकर घरी पोचावं हा प्रवाशाचा. यातला पहिला सुटला. टीमने प्रश्न लिहिताना तो कुणाचा आहे हे नाव घेऊन लिहावं, नाहीतर तक्रारपेटी रिकामी करणं हेच काम होऊन बसतं.

मोजपट्टी :
@सुईदोरा, "कुणाचा प्रश्न" यावरून प्लेपंप आठवला. लहान मुलांचं गोल फिरणारं खेळणं पाण्याच्या पंपाला जोडायचं. मुलं खेळतील, पाणी वरच्या टाकीत जाईल. २००६ मध्ये त्याला मोठा आर्थिक पाठिंबा जाहीर झाला आणि २०१० पर्यंत आफ्रिकेत ४,००० पंप बसवायचं ठरलं. कल्पना ऐकताच आवडावी अशी. पण पाणी लागतं तेव्हा मुलं खेळत असतीलच असं नाही, आणि पुरेसं पाणी यायला खेळणं फार वेळ फिरावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ते जड चक्र बायकांनाच हाताने ढकलावं लागलं. काही ठिकाणी आधीचा चालू हातपंप काढून हे बसवलं होतं. बिघडलं तर दुरुस्ती लांबून. पुढे ती मोहीम गुंडाळली गेली.

पाणी भरणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं? हातपंप मोडला की दुरुस्तीला कुणी येत नाही, असंही कदाचित सांगितलं असतं. त्या वाक्यातून खेळणं कधीच निघालं नसतं.

रातकिडा :
या धाग्यात विमान, विमानतळ, एमआरआय, पंप सगळं आलं. दवाखान्यात मात्र अजून कुणी पोचलं नाही. रुग्ण का येत नाहीत ते आता कळलं. :)

कोरा_कागद :
रातकिड्याने बरोबर टोकलं. @अर्धविराम यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो: कोणी लिहायचं, किती वेळ, आणि कधी थांबायचं.

कोणी: तुम्ही केलंत तेच, प्रत्येकाने स्वतंत्रपणे आणि न बोलता. आधी चर्चा केली की सगळ्यात वरिष्ठ किंवा सगळ्यात मोठा आवाज असलेला माणूस बोलतो आणि बाकीच्यांची वाक्यं तिकडे कलतात. चार वेगळी वाक्यं आली हा अडथळा मानू नका, ती तुमची सामग्री आहे. मतदान तर मुळीच घेऊ नका. मतदानाने रुग्ण का येत नाहीत हे ठरत नाही. प्रत्येक वाक्यासमोर लिहा: हे आपल्याला कशावरून माहीत आहे? स्वतः पाहिलं, कुणी सांगितलं, की वाटतं? आमच्या टीममध्ये हा रकाना आला तेव्हापासून भांडणं निम्म्याने कमी झाली, कारण "वाटतं" वाल्या वाक्यांवरून भांडण्यात अर्थ नाही, ती तपासायची असतात हे सगळ्यांना दिसतं.

किती वेळ: इथे मी शंकासुर यांच्या बाजूला आहे. आधीच मुदत ठरवा. पण मुदतीत काय करायचं तेही ठरवा, आणि ते खोलीच्या बाहेरचं असलं पाहिजे.

या संदर्भात एक अभ्यास मला फार आवडतो. गेट्झेल्स आणि चिक्सेंटमिहाय या संशोधकांनी शिकागोच्या कलाशाळेतल्या ३१ विद्यार्थ्यांना २७ वस्तू दिल्या. त्यातल्या हव्या त्या निवडून मांडायच्या आणि चित्र काढायचं. काहींनी थोड्याच वस्तू उचलल्या आणि लगेच कागदाकडे वळले. काहींनी बऱ्याच वस्तू हाताळल्या, फिरवून पाहिल्या, मांडणी बदलली, आणि चित्र सुरू झाल्यावरही बदलत राहिले. परीक्षकांना दुसऱ्या प्रकारच्या मुलांची चित्रं जास्त स्वतंत्र वाटली. १९७६ मध्ये हे सविस्तर प्रसिद्ध झालं. यात खडूफळा यांचं म्हणणं आहे तसं शंकासुर यांचंही आहे. आधी हाताळा, आणि काढायला लागल्यावरही प्रश्न उघडा ठेवा.

कधी थांबायचं: टीममधला कुणीही, अगदी कालच आलेला, तेच वाक्य आपल्या शब्दांत सांगू शकला आणि काय दिसलं तर हे वाक्य चूक ठरेल हेही सांगू शकला, की पुरे.

टिंब :
"काय दिसलं तर हे वाक्य चूक ठरेल" हे सोन्यासारखं आहे. उद्याच वापरते.

अर्धविराम :
सगळ्यांचे खूप आभार. उत्तर द्यायला वेळ लागला कारण आम्ही फोन करत होतो. कोरा_कागद यांचा रकाना केला तेव्हा चारपैकी तीन वाक्यांसमोर "वाटतं" असं आलं. फक्त सपोर्टच्या मुलीसमोर "कुणी सांगितलं" होतं.

मग न आलेल्या रुग्णांना आम्ही सगळ्यांनी मिळून फोन लावले, डेव्हलपरसकट. "का आला नाहीत?" असं विचारायचं नाही, असं आधीच ठरवलं होतं, कारण त्यावर माणूस ओशाळतो आणि "विसरलो" म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी "त्या दिवशी काय काय झालं?" असं विचारलं. विसरलेले निघाले, नाही असं नाही. पण बऱ्याच जणांना तारीख पक्की आठवत होती. बरं वाटू लागलं होतं, कामावरून निघता आलं नाही, सोबत येणारं कुणी नव्हतं. त्यातल्या काहींनी दवाखान्यात फोनही केला होता, लागला नाही. एक आजी म्हणाल्या, "येत नाही म्हणून सांगितलं तर डॉक्टर रागावतील, पुढच्या वेळी घेणार नाहीत." हे ऐकून आमचा डिझायनर बराच वेळ काही बोलला नाही.

आता आमचं वाक्य असं झालंय: "ज्या रुग्णांना येणं जमणार नाही हे आधीच कळलेलं असतं, त्यांना एका क्लिकवर अपॉइंटमेंट रद्द करता येत नाही, त्यामुळे ती वेळ रिकामी जाते." कसं वाटतंय?

पायवाट :
खूप पुढे आलात. पण "एका क्लिकवर" काढा, ते उत्तर घुसलंय. आणि "रद्द" सुद्धा. कामावरून निघता न आलेल्याला रद्द करायचं नव्हतं, बहुधा दुसरी वेळ हवी होती.

सुईदोरा :
आणि आजींची भीती या वाक्यात कुठेच नाही. क्लिक दिलंत तरी त्या ते दाबणार नाहीत.

खडूफळा :
विसरणारेही आहेत म्हणता, तर तो वेगळा प्रश्न म्हणून वेगळ्या कागदावर लिहा. या वाक्यात कोंबू नका, टाकूनही देऊ नका.

वाचनमात्र :
एक विचारू? रुग्णाने आधी कळवलं तरी ती वेळ दुसऱ्या कुणाला मिळते का? फोन उचलणारी स्वागतकक्षातली व्यक्ती त्याच वेळी समोरच्या रांगेलाही बघत असते. तिच्या हाती निरोप पडल्यावर ती काय करते हे कुणी पाहिलंय का? कळवणं सोपं झालं आणि वेळ तरीही रिकामीच राहिली, तर डॉक्टरांची तक्रार तशीच राहील.

अर्धविराम :
@वाचनमात्र, नाही पाहिलं. हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दोन दवाखान्यांनी बसायची परवानगी दिलीय, तेव्हा मी आणि डिझायनर स्वागतकक्षात जाऊन बघतो.

तोवर वाक्य असं केलंय: "येणं जमणार नाही हे ज्या रुग्णांना आधी कळतं, त्यांना ते दवाखान्याला कळवणं अवघड जातं किंवा त्याची भीती वाटते, त्यामुळे ती वेळ गरज असलेल्या दुसऱ्या रुग्णाला मिळत नाही." समोरचा रकाना: पहिला भाग "रुग्णांनी सांगितलं", दुसरा भाग "वाटतं". चूक कधी ठरेल: वेळेत कळवलेल्या अपॉइंटमेंटही रिकाम्याच राहत असतील तर.

विसरणाऱ्यांचा कागद वेगळा केलाय. @शंकासुर, त्यांच्यापुरता तुमचा "थोड्यांना पाठवा, थोड्यांना नको" हा प्रयोग याच आठवड्यात सुरू करतोय.

शंकासुर :
हे आवडलं. मेसेज पाठवायच्या आधी "फरक पडला" म्हणजे किती, ते आकड्यात लिहून ठेवा. नंतर लिहिलात तर जो आकडा येईल तोच पुरेसा वाटेल. आणि स्वागतकक्षात गर्दीच्या वेळी बसा, दुपारी निवांत असताना नको.